सव्वा मुठीचा वाद

आमच्या गावात माझं बोलणं आठाने भागून घेतात. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण पक्की आहे. एकदा चावडीपुढे मी सांगितलं की ऊस तोडताना सोळा फुटांचा अजगर निघाला, तर डेअरीत दूध घालायला चाललेला एक जण सायकलवरून न उतरता म्हणाला, "दोन फूट. म्हणजे धामणबी नही," आणि गेला. सातपुड्यातलं अस्वल म्हसावदला एसटीत चढलं, कंडक्टरने त्याला घोंगडी पांघरलेला म्हातारा समजून अर्धं तिकीट फाडलं आणि ते शहाद्याला उतरून रसवंतीकडे गेलं, ही गोष्ट माझी. नंदुरबारबाहेर वाळत घातलेल्या मिरचीचा लाल पट्टा चंद्रावरून दिसतो, हीही माझीच. लोणखेड्याला एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत परिचर होतो. तिथल्या बरण्यांतल्या बेडकांची गावं आणि सोयरीक मी विद्यार्थ्यांना अशी रंगवून सांगायचो की एकाने परीक्षेत बेडकाचं आजोळ लिहिलं होतं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे येतंय त्याला आठाने भागायचं नाही. गावात हे वाक्यही भागतील. तुम्ही लांबचे आहात, तुम्ही जसंच्या तसं घ्या.

मागच्या वर्षी चैत्रात बायको गेली. आमच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर बसायला येतात. कळसाडीचे आले, म्हसावदचे आले, बाजारपेठेतले मारवाडी शेठ आले आणि तेही खाली सतरंजीवर बसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांना अस्वल सांगितलं. का, ते मलाही कळलं नाही. तोंड उघडलं आणि अस्वल बाहेर आलं. लोक हसले, मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. जाताना एक म्हातारे दुसऱ्याला म्हणाले, "काय काळीज शे यान्हं. दुख पोटमा ठेईसन हसाडस."

पोटात काही नव्हतं. मी तपासून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. सगळ्यांनी अंगणात जाऊन थुंकला, मी कप संपवून बशीत पालथा घातला. फॉर्मॅलिनमधल्या बेडकासारखं झालं होतं. रंग थोडा उडालेला, बाकी सगळं जागच्या जागी. कुजणं नाही, उडी मारणंही नाही.

मला एकच मुलगी. नाशिकला नोकरी करते. वय बत्तीस. लग्नाचा विषय काढणाऱ्याला ती पाणी हवं का विचारते आणि आत निघून जाते. आईचं सगळं आटोपून परत जाण्याआधी तिने मला ओसरीत खुर्चीवर बसवलं, तिचा जुना लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि इंटरनेटवरचा तो मोठा ज्ञानकोश उघडून दिला, जो कोणीही लिहू शकतं आणि कोणीही खोडू शकतं.

"आबा, आठे लिखा," ती म्हणाली. "दिवस जाई. पन एक सांगस, आठे थापा चालतस नही."

"मंग मी काय लिखू?"

"जे शे ते."

माझं खातं तिनेच काढून दिलं. सुरुवातीला मी नद्यांची लांबी दुरुस्त करायचो आणि गावांच्या नावापुढे तालुका लिहायचो. दुपारी जेवलो की बसायचं, उन्हं उतरली की उठायचं. मग लक्षात आलं की तिथे लिहिण्यापेक्षा भांडणं जास्त आहेत. एक जण वाक्य लिहितो. दुसरा ते उलटवतो, म्हणजे एक बटण दाबून पान होतं तसं करतो. पहिला पुन्हा लिहितो, दुसरा पुन्हा उलटवतो. चौथ्या वेळी पानाला कुलूप लागतं आणि दोघं शेजारच्या चर्चापानावर जातात. तिथे एकमेकांना "आदरणीय" म्हणत ते असे बोलतात की बांधावर कुऱ्हाडी काढलेले भाऊ त्यांच्यापेक्षा प्रेमळ वाटावेत. अशा वेळी मध्ये पडायला कोणीतरी लागतं. सगळे स्वयंसेवक. पगार कोणालाच नाही, पण राग प्रत्येकाला आहे.

मला राग येत नव्हता. तेवढ्या एका गुणावर मी दहा महिन्यांत मध्यस्थ झालो. दोन्ही बाजू वाचायच्या, पुरावा मागायचा, ज्याच्याकडे छापील आधार आहे त्याचं ठेवायचं, दुसऱ्याचं काढायचं, आणि कारण दोन ओळींत लिहायचं. माझ्या निकालांची भाषा इतकी कोरडी असायची की एकाने मला निवृत्त न्यायाधीश समजून "महोदय" लिहिलं. मी ते खोडलं नाही. एका संपादकाने मिरचीच्या लेखात घातलं होतं की नंदुरबारचा लाल पट्टा चंद्रावरून दिसतो, आणि दुसरा ते काढत होता. घालणाऱ्याने लिहिलं, हे आमच्या भागात सर्वांना माहीत आहे. मी निकाल दिला: "विधान निराधार. वगळण्यात यावे." लगेच पुढचा वाद उघडला.

मग या आषाढात कानबाईच्या लेखाचं भांडण माझ्याकडे आलं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. श्रावणात आमच्या खान्देशात कानबाई ही देवी नारळाच्या रूपात बसते, आणि तिच्या नैवेद्याला रोट म्हणतात. रोटाचे गहू मापायचे असतात. आमच्या भाऊबंदकीत रीत अशी की सगळे थोरल्या चुलतभावाच्या घरी जमतात, तो घराघरातल्या पुरुषांची नावं घेतो आणि प्रत्येक नावाला त्या घरची बाई सव्वा मूठ गहू परातीत टाकते. ज्याची मूठ पडली तो कुळाचा. तो रोट बाहेरच्या कोणाच्या तोंडी जात नाही. बायका मुठी भरतात, दळून आणतात, पोळ्या करतात. त्यांच्या नावाची मूठ नसते.

लेखात हेच लिहिलं होतं, आणि ते लिहिणारे धुळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला पुस्तक आणि पान क्रमांक असायचा. त्यांना मी पुस्तकवाले म्हणतो. त्यांच्या वाक्यापुढे एका नव्या खात्याने एक ओळ जोडली होती: "काही घरांत मुलीच्या नावाचीही मूठ धरतात." पुस्तकवाल्यांनी ती उलटवली. नव्या खात्याने पुन्हा घातली. असं तीनदा झालं, चौथ्या वेळी पानाला कुलूप लागलं.

ते नवं खातं माझ्या मुलीचं होतं. मला हे चार दिवस कळलं नाही. तिला मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं की मध्यस्थ कोण आहे, कारण माझं खातं तिनेच काढलेलं.

मी नेहमीसारखं विचारलं, "आपल्या विधानास आधार काय?"

चौथ्या दिवशी उत्तर आलं. "आदरणीय मध्यस्थ, आधार मी स्वतः आहे. मी नऊ वर्षांची होते. आमच्या घरात दोन पुरुष होते, आजोबा आणि वडील. आईने त्या दिवशी पहाटे मला उठवून सांगितलं होतं, आज तुझीही मूठ धरते. आणि तिने धरली. मी दारात चाळणी घेऊन उभी होते. परातीत तीन मुठी पडल्या. मी मोजल्या आहेत. आई आता नाही. तिने केलेली ही गोष्ट कुठेतरी लिहिलेली असावी एवढंच मला हवं आहे."

मी वाचलं. लॅपटॉप बाजूला ठेवला, गाईला पाणी दाखवलं, परत येऊन पुन्हा वाचलं. काही वाटेल म्हणून थोडा वेळ बसून राहिलो. शेजारी कोणाचा तरी पंप चालू होता, तेवढाच ऐकू आला.

तिने जे लिहिलं नव्हतं ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी थोरल्याच्या ओसरीत पंधरा-वीस जण होतो. आमच्या घराची पाळी आली. थोरल्याने माझ्या वडिलांचं नाव घेतलं, बायकोने मूठ टाकली. माझं नाव घेतलं, तिने दुसरी टाकली. मग कोणी नाव घेतलं नसताना तिने तिसऱ्यांदा पोत्यात हात घातला आणि सव्वा मूठ परातीत सोडली. गव्हाचा आवाज थांबला तेव्हा ओसरी एवढी शांत झाली की तापीच्या पलीकडच्या काठावरची माणसं खोकलेली ऐकू आली असती.

थोरला म्हणाला, "हाई तिसरी मूठ कोनी शे?"

तो तिचा जेठ, म्हणजे मोठा दीर. जेठापुढे ती डोक्यावरचा पदरही हलवायची नाही, मग बोलणं लांबच. त्यामुळे त्याने विचारलं ते माझ्याकडे बघून. सगळे माझ्याकडे बघत होते. बायको खाली परातीकडे बघत होती. दारात पोर उभी होती.

"मन्हीच," मी म्हणालो. "मी एकला दोन जनस्नं खास. पोट एक दिसस, पन आत मजला शे."

मग मी थांबलोच नाही. गेल्या वर्षी मी किती पोळ्या खाल्ल्या, त्या मोजायला तलाठ्याला कसं बोलवावं लागलं, खीर संपली तेव्हा कानबाईने स्वतः नारळाआडून डोळा कसा उघडून पाहिलं. ओसरी गडगडून हसली. थोरल्याने डोळे पुसत सांगितलं, "ऱ्हाऊ द्या, याले पोटच दोन शेतस." मूठ परातीतच राहिली. भांडण टळलं. मी चांगलं निभावलं असं मला वाटलं होतं. तेव्हा मला अजून काही काही वाटायचं.

पुढच्या वर्षी बायकोने दोनच मुठी टाकल्या. पण त्या दिवसापासून दर कानबाईला ती माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढायची. नको म्हटलं तरी वाढायची आणि ती संपेपर्यंत समोर उभी राहायची. मी दोन जणांचं खातो ना.

त्या संध्याकाळी सात वाजता रोजच्यासारखा पोरीचा फोन आला.

"आबा, जेवनात का?"

"जेवनू."

"काय खादं?"

"खिचडी."

"परत खिचडी?"

"कालनी मूगनी व्हती. आजनी तूरनी शे. तठे काय चालू शे?"

"काही नही. ऑफिस."

एवढंच. चर्चापानावर ती मला आदरणीय मध्यस्थ म्हणत होती, फोनवर आबा. दोन्हीकडे उत्तर देणं बाकी होतं, आणि फोनवर तिने विचारलंच नव्हतं.

निकाल सोपा होता, म्हणजे वाईट होता. स्वतः पाहिलं हा तिथे आधार धरत नाहीत. नाहीतर मीच त्या ज्ञानकोशात अस्वलं सोडली असती. पुस्तकवाल्यांकडे पान क्रमांक होता. तिच्याकडे चाळणी होती. आणि ज्या एका जिवंत माणसाला खरं माहीत होतं, त्याच्या शब्दाला गावात आठाने भागतात आणि ज्ञानकोशात शून्याने गुणतात. शिवाय ज्याचं स्वतःचं घर वादात आहे त्याने मध्यस्थी करायची नाही, हाही नियम आहे. तो नियम मी दुसऱ्यांना कितीतरी वेळा ऐकवला होता.

तीन दुपारी मी काही लिहिलं नाही. चौथ्या दुपारी लिहिलं. दोन ओळींच्या वर गेलं नाही, नेहमीच्या सवयीने:

"मी या वादातून मध्यस्थ म्हणून बाजूला होत आहे, कारण ज्या घराचा उल्लेख झाला ते माझे आहे. त्या दिवशी मी समोर होतो. तिसरी मूठ मुलीच्या नावाची होती, आणि मला विचारले तेव्हा मी खोटे सांगितले."

बटण दाबलं. आयुष्यात इतकं कमी बोलून मी कोणतीच गोष्ट सांगितली नव्हती. छाती भरून येईल, डोळ्यांत पाणी येईल, असं काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट पाहिली. मग गाईची वेळ झाली.

पुस्तकवाल्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. माणूस सज्जन. "आपल्या प्रामाणिकपणाचा आदर आहे. तथापि हा वैयक्तिक अनुभव आहे. आपण हे कुठे छापलेत, तर मी स्वतः तो संदर्भ लेखात जोडेन." (हे आता छापलं जातंय. गुरुजी, पान क्रमांक बघून घ्या. फक्त लेखकाची गावात चौकशी करू नका.) नंतर कोल्हापूरकडच्या एका मध्यस्थाने वाद हाती घेतला आणि मी दिला असता तोच निकाल दिला. ओळ निघाली. कुलूप उघडलं. लेख पुस्तकाप्रमाणे राहिला.

पण त्या ज्ञानकोशाची एक गंमत आहे. लेखातली ओळ निघते, चर्चापानावरचं बोलणं निघत नाही. कोणी खोडलं तरी इतिहासाच्या पानावर तारीख-वेळेसकट राहतं. ज्याला बघायचंय त्याला, मुलीच्या नावाची मूठ आणि तिच्या बापाचं खोटं, दोन्ही शेजारी शेजारी सापडतील.

पोरीने निकालाखाली लिहिलं, "निर्णय मान्य." फोनवर विचारलं, "आबा, जेवनात का?" मी म्हणालो, "जेवनू." मला वाटलं बोलेल. "खिचडी?" तिने विचारलं. मी हो म्हणालो.

श्रावण लागला. बायको गेली त्या वर्षी आमच्या भाऊबंदकीत रोट झाला नव्हता, या वर्षी करायचा होता. गहू मापायला दुपारी थोरल्याच्या ओसरीत सगळे जमले. फोलपटं उडू नयेत म्हणून पंखा बंद, त्यामुळे सगळे घामाघूम. थोरला आता ऐंशीच्या घरात आहे, पण नावं अजून तोच घेतो. माझ्या घरची बाई नाही, म्हणून माझी मूठ वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, भरणार होती.

"तुन्हा घरनी एक," थोरला म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

"दुसरं कोन?"

"पोर."

सगळे माझ्याकडे वळले. एक-दोघांच्या तोंडावर आधीच हसू आलं होतं, एकाने तर मांडी सारखी करून घेतली, लांबची गोष्ट असणार म्हणून. मला खरंच पुढे काही सुचत नव्हतं.

"बोल ना भो," कोणीतरी म्हणालं. "मंग?"

"मंग काही नही."

"पोरीस्नी नही धरतस," थोरला म्हणाला. रागाने नाही. वेळापत्रक सांगावं तसं.

"तिन्ही मायनी धरी व्हती," मी म्हणालो. "त्या वर्षी तुम्ही इचारं, तिसरी कोनी. ती पोरनी व्हती. मी खोटं बोलनू."

मागून एकजण म्हणाला, "दोनले आठवर भागा, पाव मूठ येस." थोडे हसले. थोरला हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू दोन पोटांची ती गोष्ट आठवून, जे हसणं त्या दिवशी हसला होता ते परत घेता येतं का ते पाहतोय.

वहिनीने कोणालाच विचारलं नाही. तिने पोत्यात हात घातला आणि माझी सव्वा मूठ सोडली. मग पुन्हा हात घातला, मूठ भरून परातीवर धरली आणि नवऱ्याला म्हणाली, "नाव ल्या. हात दुखस."

मूठ नावाशिवाय सोडत नाहीत. थोरल्याने घसा खाकरला. एकदा खाकरून भागलं नाही, परत खाकरला. मग त्याने माझ्या पोरीचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, मधलं, म्हणजे माझं, आणि आडनावही, जसं पुरुषांचं घेतो तसं. गहू पडले. थोरला लगेच पुढच्या घराकडे वळला, आणि पुढच्या घराला चार पुरुष असल्याने ओसरीतली माणसं मोजण्यात गुंतली.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. ओसरीतच फोन लावला. कामाच्या वेळी मी कधी फोन करत नाही, म्हणून तिने पहिल्या रिंगला उचलला.

"आबा? काय झायं?"

"काही नही. गहू मापी ऱ्हायनात." मग म्हणालो, "तुन्ही मूठ धरी."

पलीकडे तिच्या ऑफिसात कोणीतरी प्रिंटर सुरू केला होता. तो बरीच पानं काढत होता.

मग ती म्हणाली, "संदर्भ?"

मी फोन वहिनीच्या हातात दिला.